भुतांना पंक्तीत जागा देणारा सिनेमा : अपिचातपोंग वीरासेथाकुल समजून घेताना

मे 2010मध्ये थायलंडच्या वाट्याला चार दिवसांच्या अंतराने दोन बातम्या आल्या. 19 मे रोजी बँकॉकच्या मध्यवर्ती व्यापारी भागात कित्येक आठवडे ठाण मांडून बसलेल्या, लाल सदरे घालणाऱ्या सरकारविरोधी आंदोलकांवर लष्कराने शेवटची कारवाई केली. एप्रिल आणि मे मिळून त्या संघर्षात नव्वदहून अधिक माणसे मारली गेली. त्यानंतर 23 मे रोजी फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात ‘अंकल बूनमी हू कॅन रिकॉल हिज पास्ट लाइव्ज’ या थाई चित्रपटाला ‘पाम दॉर’ हे सर्वोच्च पारितोषिक जाहीर झाले. आग्नेय आशियातील एकाही चित्रपटाला तोवर हा मान मिळालेला नव्हता. परीक्षकांचे अध्यक्ष होते हॉलिवुडचे दिग्दर्शक टिम बर्टन, आणि पारितोषिक घेण्यासाठी व्यासपीठावर आलेल्या दिग्दर्शकाचे नाव होते अपिचातपोंग वीरासेथाकुल. थायलंडमध्ये माणसाचा उल्लेख पहिल्या नावानेच करण्याची रीत असल्यामुळे या लेखातही त्यांना अपिचातपोंग असेच म्हटले आहे.

या दोन बातम्यांचा एकमेकींशी संबंध आहे, आणि तो ध्यानात आला की या दिग्दर्शकाच्या सिनेमाविषयी प्रेक्षकाच्या मनात असलेला धसका पुष्कळ कमी होतो. बँकॉकच्या रस्त्यावर बसलेल्यांपैकी अनेक जण थायलंडच्या ईशान्येकडील इसान या भागातून आले होते, आणि कानमध्ये गौरवलेला चित्रपटही त्याच इसानमधल्या एका शेतावर घडतो. अपिचातपोंग यांच्या चित्रपटांना ‘संथ’, ‘गूढ’, ‘स्वप्नवत’ अशी विशेषणे नेहमी लावली जातात. ती चुकीची नाहीत, पण त्यांच्यावर थांबले की मुख्य गोष्ट हातातून निसटते. सरकारी इतिहासाने ज्या माणसांची नोंद ठेवली नाही, त्यांची आठवण हा दिग्दर्शक भुते, पुनर्जन्म, जंगल आणि झोप यांच्या आधाराने जपतो, असे माझे मत आहे. या लेखात त्यांचे आयुष्य आणि त्यांचे काम त्याच अंगाने उलगडून पाहायचे आहे.

आधी इसानविषयी थोडे सांगायला हवे. थायलंडच्या लोकसंख्येचा सुमारे एक तृतीयांश हिस्सा या पठारी प्रदेशात राहतो. येथील बोली लाओसच्या भाषेला जवळची आहे, जमीन कोरडवाहू आहे, आणि बँकॉकमध्ये टॅक्सी चालवणारे, इमारतींवर मजुरी करणारे, घरकाम करणारे लोक मोठ्या संख्येने येथूनच जातात. राजधानीच्या नजरेत हा भाग बराच काळ ‘मागासलेला’ राहिला. 1960च्या दशकाच्या मध्यापासून 1980च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत येथे कम्युनिस्ट बंडखोर आणि थाई लष्कर यांच्यात सशस्त्र लढा चालू होता. शेजारी व्हिएतनाम आणि लाओस पेटलेले असताना कम्युनिस्ट असल्याच्या नुसत्या संशयावरूनही गावेच्या गावे दडपली गेली. या हिंसेविषयी उघडपणे बोलणे थायलंडमध्ये दीर्घकाळ टाळले गेले.

अपिचातपोंग यांचा जन्म 1970मध्ये बँकॉकमध्ये झाला, पण ते वाढले इसानमधील खोन केन या शहरात. आईवडील दोघेही डॉक्टर असल्यामुळे रुग्णालयाचा परिसर हेच त्यांच्या बालपणाचे अंगण होते. त्यांच्या जवळजवळ प्रत्येक चित्रपटात दवाखाना, तपासणीची खोली, डॉक्टर आणि रुग्ण यांचे हळू आवाजातले संभाषण, औषधपाणी यांपैकी काहीतरी येते, त्याचे मूळ येथे आहे. खोन केन विद्यापीठातून 1994मध्ये त्यांनी वास्तुशास्त्राची पदवी घेतली आणि पुढे शिकागोच्या स्कूल ऑफ द आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन 1997मध्ये चित्रपटकलेची पदव्युत्तर पदवी मिळवली. या संस्थेत त्यांना अमेरिकेच्या प्रायोगिक सिनेमाची ओळख झाली. कथानकाला बाजूला ठेवून प्रकाश, वेळ आणि आवाज यांच्याकडेच पाहणारा तो सिनेमा होता. वास्तुशास्त्राच्या शिक्षणाचा उपयोगही दिसून येतो. पहिली खोली, मग दुसरी खोली आणि मध्ये एक उंबरठा, अशी त्यांच्या चित्रपटांची रचना असते, आणि प्रेक्षकाने त्या जागेतून हिंडावे अशी दिग्दर्शकाची अपेक्षा असते.

ते परत आले तेव्हा थायलंड 1997च्या आर्थिक संकटातून जात होता. त्याच सुमारास जाहिरातींच्या क्षेत्रातून आलेले काही तरुण दिग्दर्शक थाई व्यावसायिक सिनेमात नवा जोम आणत होते. अपिचातपोंग त्या वाटेने गेले नाहीत. 1999मध्ये त्यांनी ‘किक द मशीन’ ही स्वतःची लहानशी निर्मितीसंस्था काढली आणि स्टुडिओच्या चौकटीबाहेर काम सुरू केले.

त्यांच्या पहिल्या मोठ्या चित्रपटाची सुरुवातच त्यांची सारी कार्यपद्धती सांगून टाकते. 2000 साली आलेला ‘मिस्टीरियस ऑब्जेक्ट ॲट नून’ हा कृष्णधवल चित्रपट आहे. त्यात मासळीचा माल विकत फिरणाऱ्या गाडीतील एक बाई आपल्या आयुष्यातली गोष्ट सांगते. बसभाड्याच्या पैशांसाठी वडिलांनी आपल्याला नातेवाइकाच्या हवाली कसे केले, हे सांगता सांगता ती रडू लागते. तिचे सांगून संपते, तेव्हा कॅमेऱ्यामागून तिला विचारले जाते की, आणखी एखादी गोष्ट आहे का, खरी असो वा कल्पित. ती डोळे पुसून एका अपंग मुलाची आणि त्याला घरी शिकवायला येणाऱ्या शिक्षिकेची गोष्ट रचू लागते. मग अंताक्षरीत जसे एकाने सोडलेले टोक दुसरा उचलतो, तशी ही गोष्ट देशभर हातोहात फिरते. गावातली माणसे, लोकनाट्याची मंडळी, खुणांच्या भाषेत बोलणाऱ्या मुली आणि शाळकरी पोरे असा प्रत्येक जण तिच्यात भर घालतो. शेवटी कथेत परग्रहावरचा प्राणी येतो आणि वाघ येतो, पण पहिल्या बाईचे रडणे मात्र प्रेक्षकाच्या मनातून जात नाही. खरी व्यथा आणि रचलेली गोष्ट यांना एकाच पंक्तीत बसवण्याची ही सवय त्यांनी पुढे कधीच सोडली नाही. या चित्रपटाला रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्युबर्ट बाल्स निधीचे साहाय्य मिळाले होते. अशा परदेशी निधींचा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

2002च्या ‘ब्लिसफुली युअर्स’मध्ये म्यानमारमधून बेकायदा आलेला मिन नावाचा तरुण आहे. त्याला नोकरीसाठी आरोग्याचा दाखला हवा आहे. त्याच्या अंगावर पुरळ उठले आहे, आणि तो तोंड उघडत नाही, कारण बोलला तर उच्चारांवरून परदेशी असल्याचे ओळखू येईल. त्याच्या बरोबरच्या दोघी स्त्रिया डॉक्टरला सांगतात की त्याचा घसा बसला आहे. सुमारे पाऊण तास असा शहरातला कोंडमारा दाखवून झाल्यावर, गाडी जंगलाच्या दिशेने वळते आणि तेव्हा कुठे पडद्यावर श्रेयनामावली येते. चित्रपट तेथे जणू नव्याने सुरू होतो. पुढे फक्त एक दुपार, ओढा, उन्हाची तिरीप आणि झोपाळलेली शरीरे एवढेच उरते. कानमध्ये ‘अं सर्टन रिगार्ड’ या विभागाचे पारितोषिक याला मिळाले. पहिल्या पाहण्यात हा दुसरा भाग रिकामा वाटू शकतो. परंतु कागदपत्रे नसलेल्या माणसाला कोणी काही विचारणार नाही अशी एक दुपार मिळणे, ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे पहिल्या पाऊण तासाने आपल्याला शिकवलेले असते. त्यामुळेच ती संथ दुपार मला त्यांच्या सर्व कामातील अत्यंत राजकीय जागांपैकी एक वाटते.

मधोमध मोडणारी ही रचना 2004च्या ‘ट्रॉपिकल मॅलडी’मध्ये आणखी धीट झाली. पूर्वार्धात केंग हा सैनिक आणि टोंग हा खेड्यातला मुलगा यांचे हळुवार प्रेम आहे. अपिचातपोंग स्वतः समलिंगी आहेत आणि ते कधी लपवत नाहीत. या प्रेमाकडे गावातले कोणी वळून पाहत नाही, टोंगच्या घरचेही काही बोलत नाहीत, हे येथे लक्षात घ्यावे. मग पडदा काळा होतो आणि त्याच दोन नटांना घेऊन एक लोककथा सुरू होते. आता जंगलात वाघाचे रूप घेणारा एक मांत्रिक आहे आणि त्याच्या मागावर असलेला सैनिक आहे. दुसऱ्या भागात संवाद जवळपास नाहीत. काळोख, पाने, किडे आणि श्वास यांवरच तो उभा आहे. पूर्वार्धात जे प्रेम शब्दांत मावले, त्याच्या तळाशी असलेले भय आणि ओढ उत्तरार्धात दिसते. कानच्या मुख्य स्पर्धेत उतरलेला हा पहिला थाई चित्रपट होता, आणि त्याला ज्युरी पारितोषिक मिळाले.

आता सेन्सॉरच्या प्रकरणाकडे यावे लागेल, कारण ‘स्वतंत्र’ दिग्दर्शक म्हणजे नेमके काय, हे त्यातून सर्वांत स्पष्ट कळते. 2006चा ‘सिंड्रोम्स अँड अ सेंच्युरी’ हा त्यांनी आपल्या आईवडिलांच्या तरुणपणाच्या आठवणींवरून रचला. मोझार्टच्या जन्माला 250 वर्षे झाल्यानिमित्त व्हिएन्नात भरलेल्या महोत्सवासाठी तो तयार झाला आणि व्हेनिसच्या स्पर्धेत दाखवला गेला. पहिल्या भागात खेड्यातले रुग्णालय आहे, खिडकीबाहेर हिरवळ आहे. दुसऱ्या भागात शहरातले पांढरेशुभ्र, यंत्रांनी भरलेले रुग्णालय आहे. तीच माणसे, तीच नोकरीची मुलाखत, तेच प्रश्न पुन्हा घडतात, पण जागा बदलल्यामुळे सारे काही निराळे होऊन बसते. इतक्या निरागस चित्रपटात कापण्यासारखे काय असू शकते, असे कोणालाही वाटेल.

2007मध्ये थाई सेन्सॉर मंडळाने चार दृश्ये काढायला सांगितली. एकात बौद्ध भिक्खू गिटार वाजवतो. दुसऱ्यात डॉक्टर मंडळी रुग्णालयाच्या तळघरात मद्य घेतात, आणि मद्याची बाटली एका कृत्रिम पायाच्या पोकळीत दडवलेली असते. तिसऱ्यात डॉक्टर आपल्या प्रेयसीचे चुंबन घेतो. चौथ्यात दोन भिक्खू रिमोटवर चालणारी उडती तबकडी खेळतात. यांपैकी एकाही दृश्यात कोणाची टवाळी नाही. भिक्खूला संगीत आवडते आणि डॉक्टर थकतात, एवढेच ती दृश्ये सांगतात. पण धर्म आणि वैद्यकी या दोन प्रतिष्ठित संस्थांमधली माणसे साधी माणसे असतात, हे पडद्यावर दिसणेच मंडळाला मान्य नव्हते. मंडळ ज्या कायद्याच्या आधारे बोलत होते, तो 1930 सालचा होता, आणि देशात 2006च्या सप्टेंबरमध्ये लष्करी बंड होऊन गेलेले होते.

अपिचातपोंग यांनी दृश्ये कापण्यास नकार दिला आणि थायलंडमधील प्रदर्शन मागे घेतले. त्यांनी त्या वेळी जी भूमिका मांडली तिचा आशय असा होता, की आपण आपल्या चित्रपटांना पोटच्या मुलांसारखे मानतो. ती लोकांना आवडोत वा न आवडोत, पण ती आपल्याच देशात जगू शकत नसतील तर त्यांना मोकळे सोडावे. मंडळाने मात्र दृश्ये कापल्याशिवाय प्रिंट परत देण्याचेच नाकारले. त्यातून इतर चित्रपटकारांबरोबर ‘फ्री थाई सिनेमा’ ही मोहीम उभी राहिली, सह्यांचे अर्ज गेले, चर्चासत्रे झाली. पुढे नवा कायदा आला, त्याने वयोगटानुसार वर्गवारी आणली, पण बंदी घालण्याचा अधिकारही शाबूत ठेवला. 2008मध्ये बँकॉकमध्ये चित्रपटाचे मर्यादित प्रदर्शन झाले, तेव्हा कापलेल्या प्रत्येक जागी त्यांनी ओरखडे असलेली काळी, मुकी फिल्म जोडली. प्रेक्षक अंधारात बसून राहिले आणि आपल्यापासून काय आणि किती वेळ दडवले जात आहे, ते त्यांना प्रत्यक्ष मोजता आले. सेन्सॉरविरुद्ध याहून परिणामकारक निषेध माझ्या पाहण्यात नाही. प्रमाणपत्रासाठी दृश्यांवर कात्री चालवून घेण्याची पाळी आपल्याकडच्या दिग्दर्शकांवरही येते, पण कापलेली जागा रिकामी ठेवून ती प्रेक्षकांना दाखवणे क्वचितच कोणाला सुचले असेल.

या पार्श्वभूमीवर नाबुआ हे गाव येते. इसानमधील नाखोन फनोम प्रांतातल्या या गावी 7 ऑगस्ट 1965 रोजी कम्युनिस्ट शेतकरी आणि सरकारी दले यांच्यात पहिली चकमक झाली, आणि पुढची सुमारे दोन दशके गावावर लष्कराचा पहारा राहिला. छळ झाला, पुरुष जंगलात पळाले, स्त्रिया आणि मुले मागे उरली. याच परिसरात पुरुषांना पळवून नेणाऱ्या एका विधवेच्या भुताची जुनी दंतकथाही आहे. अपिचातपोंग तेथे गेले आणि त्या शेतकऱ्यांच्या नातवंडांच्या वयाच्या मुलांबरोबर त्यांनी ‘प्रिमिटिव्ह’ हा 2009चा कलाप्रकल्प केला. मुलांनी त्यांच्याबरोबर एक लाकडी अंतराळयान बांधले. ‘फँटम्स ऑफ नाबुआ’ या लघुपटात रात्रीच्या मैदानावर मुले पेटता फुटबॉल लाथाडत खेळतात. मागे एका पडद्यावर कृत्रिम विजा कोसळत असतात. खेळता खेळता चेंडू त्या पडद्यावर जातो, पडदा पेटतो आणि जळून गेल्यावर मागच्या प्रोजेक्टरचा नुसता झोत प्रेक्षकाच्या डोळ्यांवर येतो. कोणी काही समजावून सांगत नाही. ज्या मैदानात आजोबांवर बंदुका रोखल्या गेल्या तेथे नातू आगीशी खेळत आहे, हे मात्र माहिती असल्यास अंगावर येते, आणि म्हणूनच या दिग्दर्शकाच्या बाबतीत थोडी पूर्वमाहिती असणे हा रसभंग ठरत नाही.

याच प्रकल्पातून ‘अंकल बूनमी’ निघाला. खोन केनच्या एका मठातील भिक्खूने लिहिलेली एक पुस्तिका अपिचातपोंग यांच्या हाती आली होती. ध्यानात बसल्यावर आपले मागचे जन्म आठवणाऱ्या बूनमी नावाच्या माणसाची हकिकत तिच्यात होती. चित्रपटातला बूनमी शेतकरी आहे, त्याची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत आणि त्याचे थोडेच दिवस उरले आहेत. लाओसहून आलेला एक मजूर त्याचे डायलिसिस घरच्या घरी करतो. दिग्दर्शकाचे वडीलही मूत्रपिंडाच्या विकारानेच गेले, आणि आजाऱ्याच्या खोलीचे बारकावे त्या घरातल्या आठवणींतून आलेले आहेत.

जेवणाचे दृश्य नीट पाहावे. रात्रीची वेळ आहे, ओसरीवर टेबल मांडले आहे, बूनमी, त्याची मेहुणी जेन आणि भाचा जेवत आहेत. रिकाम्या खुर्चीवर हळूहळू एक स्त्री उमटते. ती बूनमीची पुष्कळ वर्षांपूर्वी वारलेली बायको असते. सारे क्षणभर दचकतात, आणि मग तिची विचारपूस सुरू होते. थोड्या वेळाने जिन्यावरून लाल डोळे चमकवत एक केसाळ आकृती वर येते. हा जंगलात नाहीसा झालेला मुलगा, आता वानरभूत झालेला. दिवा फार प्रखर आहे असे तो म्हणतो, तर तो मंद केला जातो. जुन्या फोटोंचा आल्बम निघतो. पार्श्वसंगीताचा धक्का नाही, किंकाळी नाही, कॅमेऱ्याची धावपळ नाही. ही भूतकथा आहे असे आपण म्हणतो, पण त्या ओसरीवरच्या माणसांसाठी ती घरी परतलेल्यांची पंगत आहे. अजिंठ्याच्या भिंतींवर बोधिसत्त्वाच्या हत्ती, हरीण, वानर अशा जन्मांच्या जातककथा ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना माणूस आणि प्राणी यांच्यातील ही सहज ये-जा परकी वाटणार नाही. थायलंडमधील थेरवाद बौद्ध परंपरेतही जातककथा घरोघरी ठाऊक असतात.

मात्र याच चित्रपटात बूनमी एकदा शांतपणे म्हणतो, की आपल्याला हा आजार कर्मामुळे जडला असावा, कारण आपण फार कम्युनिस्ट मारले. शेतातले किडेही मारले, असे तो पुढे जोडतो. जेन त्याची समजूत घालते, की त्यामागे तुझा हेतू चांगला होता. संवाद एवढाच आहे. परंतु इसानच्या त्या दोन दशकांविषयी पडद्यावर इतक्या थोड्या शब्दांत इतके जड बोलले गेल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. मारणाराही गावचाच, मरणारेही गावचेच, आणि अपराधाची भाषा कायद्याऐवजी कर्माची! पुढे गुहेत बूनमी भविष्याचे एक स्वप्न सांगतो. त्या नगरातील सत्ताधीश भूतकाळातून आलेल्या माणसांवर प्रकाशझोत टाकतात, त्यांच्या आयुष्याची चित्रे पडद्यावर उमटवतात आणि चित्रे उमटताच ती माणसे नाहीशी होतात. त्या वेळी पडद्यावर लष्करी गणवेशातील तरुणांची स्थिर छायाचित्रे दिसतात. हे तरुण नाबुआचे आहेत.

चित्रपट 16 मिलिमीटर फिल्मवर घेतला आहे, आणि सहा रिळांपैकी प्रत्येकाची शैली दिग्दर्शकाने निराळी ठेवली आहे. जेवणाचे रीळ जुन्या थाई दूरदर्शन मालिकांसारखे दिसते, तर विद्रूप चेहऱ्याची राजकन्या आणि बोलणारा मासा यांचे रीळ जुन्या राजेरजवाड्यांच्या पोशाखी नाट्यासारखे. माणसाचे जन्म बदलतात तसे सिनेमाचेही बदलत गेले, आणि त्या मागच्या जन्मांना हा निरोप आहे, अशी त्यामागची कल्पना आहे.

असा चित्रपट पैशांच्या बाबतीत उभा कसा राहतो, हा प्रश्न साहजिक आहे. व्यावसायिक निर्माता एकाच ठिकाणाहून मोठी रक्कम आणतो आणि तिकीटखिडकीवर ती वसूल करू पाहतो. अपिचातपोंग यांच्या पद्धतीत अनेक देशांतून लहान लहान रकमा गोळा होतात. ‘अंकल बूनमी’च्या मागे थायलंडबरोबर ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि स्पेनमधील निर्मितीसंस्था होत्या. त्याला महोत्सवांच्या निधीची जोड मिळते, युरोपातील सांस्कृतिक अनुदाने मिळतात, आणि कलासंग्रहालये दालनात मांडण्यासाठी दृश्यकृती करवून घेतात. ‘प्रिमिटिव्ह’साठी म्युनिकच्या हाउस डेर कुन्स्टने असाच पुढाकार घेतला होता. त्या निमित्ताने झालेले संशोधन, ओळखी आणि चित्रीकरण पुढच्या मोठ्या चित्रपटाला उपयोगी पडते. शिवाय त्यांची माणसे ठरलेली असतात. छायाचित्रणासाठी सायोम्भू मुकदीप्रोम, संकलनासाठी ली चाटामेटीकूल, ध्वनीसाठी आक्रितचालेर्म कल्याणमित्र. आणि पडद्यावर जेनजिरा पोंगपास व साकदा केउबुआदी. एवढ्या दीर्घ सहवासामुळे खर्च आटोक्यात राहतो आणि काम घाईचे होत नाही. या व्यवस्थेची किंमतही आहे. पैसा बाहेरून येतो, कौतुक बाहेर होते, आणि ज्या लोकांच्या आठवणींवर चित्रपट उभा आहे त्यांच्यापर्यंत तो सर्वांत शेवटी पोहोचतो, किंवा पोहोचतही नाही.

2015च्या ‘सिमेट्री ऑफ स्प्लेंडर’चे तेच झाले. हा चित्रपट त्यांनी खोन केनमध्ये, आपल्या लहानपणच्या जागांत केला. एका बंद पडलेल्या शाळेत तात्पुरते रुग्णालय थाटले आहे आणि तेथे झोपेच्या अनाकलनीय आजाराने पछाडलेले सैनिक रांगेने निजले आहेत. त्यांच्या खाटांशेजारी वाकड्या दांड्यांसारखे दिवे लाल, हिरवा, निळा असे रंग बदलत राहतात. जेनजिरा येथे त्यांची शुश्रूषा करणारी जेन नावाची स्वयंसेविका आहे. अपघातात अधू झालेला तिचा खरा पायच भूमिकेत आला आहे. मंदिरातल्या दोन देवता साध्या कपड्यांत तिच्या टेबलाशी येऊन बसतात आणि सांगतात, की या जमिनीखाली प्राचीन राजांचे दफनस्थान आहे आणि ते राजे आपल्या लढाया लढण्यासाठी या सैनिकांची शक्ती शोषून घेत आहेत. 22 मे 2014 रोजी थायलंडमध्ये पुन्हा लष्करी बंड झाले होते. मेलेल्या राजांसाठी झोपेतही लढणारे सैनिक याचा अर्थ काय, हे थाई प्रेक्षकाला सांगावे लागत नाही.

या चित्रपटातले एक दृश्य महाराष्ट्रातल्या वाचकाला चटकन भिडेल. थाई चित्रपटगृहात सिनेमा सुरू होण्यापूर्वी राजगीत वाजते आणि सर्वांनी उभे राहायचे असते, जसे आपल्याकडे राष्ट्रगीताला राहतात. येथे प्रेक्षक उभे राहतात, समोर पाहत राहतात, आणि गीत मात्र ऐकू येत नाही. राजघराण्याच्या अवमानाला जेथे कठोर तुरुंगवास आहे, तेथे या शांततेत किती जोखीम होती ते समजून घ्यावे. हा चित्रपट थायलंडमध्ये प्रदर्शित करण्याचे त्यांनी टाळले, आणि आत्मसेन्सॉरशिप करत येथे यापुढे मोठे चित्रपट करणार नाही, असे जाहीर केले.

त्यानंतर ते कोलंबियाला गेले. 2021च्या ‘मेमोरिया’मध्ये टिल्डा स्विंटन यांनी साकारलेल्या जेसिका या स्त्रीला पहाटे एक मोठा ‘धाड्’ असा आवाज येतो, जो इतर कोणालाच ऐकू येत नाही. डोक्यात स्फोट झाल्यासारखा आवाज येण्याचा हा विकार वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे आणि खुद्द अपिचातपोंग यांना तो काही काळ होता. चित्रपटाच्या उत्तम दृश्यांपैकी एकात जेसिका एका तरुण ध्वनितंत्रज्ञाशेजारी बसून तो आवाज शब्दांत सांगू पाहते. काँक्रीटचा भला मोठा गोळा समुद्राच्या पाण्याने वेढलेल्या धातूच्या विहिरीत पडावा तसा तो, असे ती म्हणते. तंत्रज्ञ एकेक नमुना ऐकवतो, ती मान हलवते, तो पुन्हा बदलतो. आपल्या मनातली आठवण दुसऱ्याच्या हाती देणे किती कठीण आणि किती जिव्हाळ्याचे असते, हे त्या काही मिनिटांत दिसते. कोलंबियातही दशकानुदशके चाललेला सशस्त्र संघर्ष आणि जमिनीत गाडलेली माणसे आहेत. त्यामुळे देश बदलला तरी विषय बदलला नाही. शेवटाकडे आवाजाच्या उगमाचा जो उलगडा दाखवला आहे, त्याची गरज नव्हती असे मला वाटते. परंतु कानचे ज्युरी पारितोषिक या चित्रपटालाही विभागून मिळाले.

राहता राहिला झोपेचा प्रश्न. हे चित्रपट पाहताना झोप येते, ही तक्रार अपिचातपोंग यांना अपमानकारक वाटत नाही. 2018च्या रॉटरडॅम महोत्सवात त्यांनी ‘स्लीपसिनेमाहोटेल’ नावाची जागाच उभारली होती. तेथे पाहुण्यांनी रात्रभर राहायचे, पलंगावर पडून मोठ्या गोल पडद्यावरची पाणी, ढग आणि झोपलेल्या माणसांची जुनी चित्रे पाहायची, आणि डोळा लागला तर लागू द्यायचा. सिनेमा आणि स्वप्न यांत त्यांना फार अंतर दिसत नाही. तरीही कंटाळा आणि गुंगी यांत फरक करावा लागतो. त्यांचे दृश्य लांबते ते ऐकण्यासाठी लांबते. किडे, पंखा, दूरची वाहने, विजेच्या उपकरणांचा गुणगुणाट हे सारे ध्वनी मोजूनमापून ठेवलेले असतात. मोबाइलच्या लहान स्पीकरवर हे चित्रपट पाहिले तर अर्धा चित्रपट ऐकूच येत नाही.

म्हणून पहिल्यांदा पाहणाऱ्याने रात्री, दिवे मालवून, चांगले हेडफोन लावून ‘अंकल बूनमी’पासून सुरुवात करावी. त्यात कथेचा धागा हाती राहतो आणि विनोदही आहे. मग ‘सिंड्रोम्स अँड अ सेंच्युरी’ पाहावा, जो मला त्यांचा सर्वांत देखणा आणि सर्वांत प्रेमळ चित्रपट वाटतो. पहिला भाग संपून रुग्णालय बदलते तेथे थांबू नये, कारण खरी तुलना तेथून पुढे सुरू होते. ‘ट्रॉपिकल मॅलडी’ या दोन्हींनंतर घ्यावा. ‘सिमेट्री ऑफ स्प्लेंडर’ मात्र इसान, नाबुआ आणि 2014चे बंड यांची ओळख झाल्यावरच पाहावा, म्हणजे शेवटच्या दृश्यात यंत्रांनी उकरलेल्या मातीच्या ढिगाऱ्यांवर फुटबॉल खेळणाऱ्या मुलांकडे जेन डोळे ताणून का पाहत राहते, ते कळेल.